सातवा भाग आणायला कलबुर्गीला

रझियाबीच्या तोंडावर मधमाश्या बसल्या होत्या आणि मला तिचं तोंड दिसत नव्हतं. घुमटाच्या पायरीवर ती आडवी पडली होती. मी तिच्या अंगावर पालथी पडून पदरानं तिचं डोकं झाकायला बघत होते. पण पाचवारी साडीचा पदर केवढा असणार? तिचं डोकं झाकलं की माझी मान उघडी पडायची, आणि मान झाकली की तिचे कान. माशी केसांत शिरली की तिचा आवाज कानात येत नाही, थेट कवटीत वाजतो. रझिया आधी ओरडत होती. मग नुसती कण्हायला लागली. मग तेही थांबलं. ते थांबलं तेव्हा मी भ्याले.

"रझिया, बोल गे," मी म्हणाले.

ती बोलली नाही. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली बाई, माझं एक वाक्य तिनं कधी पुरतं होऊ दिलं नाही, आणि आता गप्प.

तेवढ्यात अंगावर काहीतरी जड पडलं. अंधार झाला आणि तुरीचा वास आला. कुणीतरी आम्हा दोघींवर पोती टाकली होती.

हे सगळं चित्रांच्या एका पुस्तकापायी झालं. तो प्रवास कसा झाला ते लिही, असं कलबुर्गीच्या पोरांनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे.

ठाणाकुशनूर

माझी नात शिल्पा कलबुर्गीला कॉलेजात शिकते. मागच्या दिवाळीला ती घरी, ठाणाकुशनूरला, आली ती कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन. जपानी लोकांची चित्रांतल्या गोष्टींची पुस्तकं, त्यांना मांगा म्हणतात. सगळी काळीपांढरी. "एवढी महागाची पुस्तकं आणि रंग भरायला आळस आला व्हय त्यांना?" असं मी विचारलं होतं. आता विचारणार नाही. काळ्या शाईत पाऊस, धूर, शिजलेला भात आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी हे सगळं वेगवेगळं दाखवता येतं हे मला त्या पुस्तकांनी शिकवलं.

इंग्रजी मला येत नाही. चौथीपर्यंतची मराठी शाळा आणि बाजारापुरती कानडी, एवढीच माझी विद्या. पण चित्रं बघायला काय लागतं, म्हणून मी एक पुस्तक एकटीनं शेवटपर्यंत बघितलं आणि शिल्पाला गोष्ट सांगितली. एक म्हातारा पहिल्याच पानावर मेलेला असतो. मग तो खाटेवर उठून बसतो. हळूहळू हिंडाफिरायला लागतो, बायकोशी भांडतो, आणि शेवटी तरणाताठा होऊन पिशवी खांद्याला लावून गावात येणाऱ्या रस्त्यानं पाठमोरा निघून जातो. "फार चांगलं पुस्तक हाय," मी म्हणाले. "माणसाचं असंच व्हायला पाहिजे."

शिल्पा हसून हसून जमिनीवर बसली. "आज्जी, उलटं बघायलीस तू! जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतंय."

रझियाबी तिथंच सुपात तूर निवडत बसली होती. तिनं हात पुसले, पुस्तक घेतलं आणि उजवीकडून उघडलं, जसं काही हेच पुस्तक ती लहानपणापासून उघडत आली आहे. तिच्या वडलांनी तिला घरीच उर्दू शिकवलं होतं, आणि तिची सगळी पुस्तकं त्याच बाजूनं उघडतात. "हे तर सीधं हाय," ती म्हणाली. "तुमचीच उलटी राहतेत."

तेव्हापासून आमचं वाचायचं तंत्र ठरलं. शिल्पा प्रत्येक पुस्तकात इंग्रजी बोलण्याच्या बाजूला पेन्सिलीनं मराठी लिहून ठेवते. मराठी रझियाला वाचता येत नाही, आणि कुठल्या चौकटीवरून कुठल्या चौकटीत जायचं ते मला अजून कळत नाही. माझा डोळा डावीकडंच पळतो. म्हणून पुस्तक दोघींच्या मांडीवर. रझियाचं बोट चौकटीवरून चालतं आणि त्या बोटामागं मी मोठ्यानं वाचते. ती घाई करते, मी रेंगाळते. मारामारी आली की तिचं बोट पळतं, जेवण आलं की माझा आवाज थांबतो. ह्यावरून आमची भांडणं होतात.

एक पुस्तक संपलं की मी माझं मत सांगते आणि शिल्पा ते फोनवर घेऊन तिच्या मित्रांना पाठवते. मी पहिल्यांदा माणसांचे हात बघते. डोळे सगळे जण मोठे काढतात, त्यात काय एवढं? पण विळी धरलेला हात, दोर ओढणारा हात ज्याला काढता येतो त्याचं पुस्तक मी पुरं वाचते. एका पुस्तकात शाळेतली पोरं हवेत उडून एकमेकांना मारतात आणि मारण्याआधी त्या माराचं नाव ओरडून सांगतात. शत्रू तोवर उभा राहून ऐकतो. मी म्हणाले, आमच्या गावात बांधावरून भांडणं होतात तेव्हा कुणी एवढा वेळ देत नाही. त्या पोरांना हे मत फार आवडलं म्हणे.

पण आम्हा दोघींचा जीव अडकला तो 'नावाडीण' ह्या पुस्तकात. त्याचं जपानी नाव लांबलचक आहे, आम्ही हेच म्हणतो. तोमे नावाची म्हातारी नदीवर नाव चालवते. गुडघे दुखतात, तोंड फटकळ, नवरा मेलेला, लेक शहरात. नदीवर पूल बांधायला घेतलाय. पूल झाला की तिच्या नावेत कोण बसणार? तरी रोज पुलाच्या मजुरांना कामावर नेऊन सोडते तीच. सात भाग आहेत. शिल्पानं एकेक करून आणले. पाचवा झाला तेव्हा मजूर दिसला की रझिया तोमेच्या वतीनं त्याला शिव्या द्यायची.

त्याच महिन्यात रझियाला बीदरच्या डॉक्टरनं सांगितलं की तिचं काळीज कमजोर झालंय. दगदग नको, जिना नको, प्रवास नको. तिनं गोळ्यांची पिशवी माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "सातवा भाग कधी येणार ते विचार शिल्पाला. मेरेकू तोमेचं काय होतंय ते बघून जायचंय."

"कुठं जायलीस?"

"जिथं सगळे जातेत तिथंच. बघितल्याशिवाय नक्को."

सातवा भाग शिल्पाकडं आला होता. पण तिच्या त्या मित्रांचा मेळा कलबुर्गीला भरणार होता आणि त्यांना आम्हा दोघींना बघायचं होतं. पुस्तक तिथंच मिळेल, असं पोरीनं सांगितलं. लाच म्हणतात ह्याला. रझियाचा लेक नको म्हणाला, माझा लेक नको म्हणाला. आम्ही दोघींनी आधार कार्डं घेतली आणि बसमध्ये बसलो. कर्नाटकात बायांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळे कुणाला विचारायची गरज पडत नाही.

निर्णा

एका दिवसात तेवढं अंतर रझियाला झेपलं नसतं म्हणून मधे हुमनाबादजवळ निर्ण्याला माझ्या धाकट्या बहिणीकडं, मल्लम्माकडं, मुक्काम केला. मल्लम्मा लिंग पुजल्याशिवाय पाणी पीत नाही आणि दुसऱ्याला टोमणा मारल्याशिवाय जेवत नाही.

"अक्का, नातीची पुस्तकं बघायलीस म्हणं? आता पाटी-दप्तर बी घे."

"घेते. तू फी भर."

"ह्या वयात शरणांची वचनं वाचावीत माणसानं."

"वाचते की. सकाळी."

जेवण चांगलं होतं. जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी आणि वर घट्ट दही. तोमे नेहमी भाताचा गोळा हातात घेऊन नावेतच खाते, सोबत खारवलेलं आलुबुखार की काहीतरी. रझिया म्हणाली, "बिचारीला एकदा वांगं खायला घालायला पाहिजे होतं." आपण पुस्तकातल्या बाईला जेवायला बोलवायला लागलो की समजावं, त्या पुस्तकातून आता सुटका नाही.

दुपारी सोप्यात बसून आम्ही सहावा भाग पुन्हा वाचायला घेतला, सातव्याच्या आधी उजळणी म्हणून. मल्लम्मा आत चुलीपाशी संध्याकाळच्या भाकऱ्या करत होती. तिचा आमच्याशी काही संबंध नाही हे दाखवायला भांडी जरा जास्तच वाजवत होती. हळूहळू भांडी थांबली. सहाव्या भागाच्या शेवटी नदीला पूर येतो. अर्ध्या बांधलेल्या खांबावर मजूर अडकतात. तोमे गुडघ्याला फडकं बांधते आणि नाव सोडते. तिथं भाग संपतो.

"मग?" आतून आवाज आला.

"मग काय? संपला."

"असं कसं संपल? ती बाई पाण्यात हाय की!"

"पुढचं कलबुर्गीला हाय."

मल्लम्मा दारात येऊन उभी राहिली. पीठ हाताला तसंच होतं. "कसली माणसं म्हणायची ही. बाईला पुरात सोडून पुस्तक बंद करतेत." तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला होता. ती भाकरी तिनं मलाच वाढली.

सकाळी निघताना तिनं मला उदबत्तीचा पुडा दिला. वाटेत कुठं देवाचं ठिकाण लागलं तर लावा, म्हणाली. मग बसपर्यंत मागं येऊन म्हणाली, "काय झालं ते फोन करून सांग. मला त्यात काय न्हाई, सहज विचारायले."

कलबुर्गी

कलबुर्गीला जुनी माणसं अजून गुलबर्गा म्हणतात. मार्च लागला होता आणि ऊन असं होतं की फरशीवरून पाय उचलून ठेवावे लागत. मेळा एका शाळेच्या मोकळ्या हॉलमध्ये होता. आत गेलो तर निळ्या केसांची मुलगी, पांढऱ्या केसांचा मुलगा, पाठीला पुठ्ठ्याची तलवार लावलेला एक. आपल्या आवडत्या पुस्तकातल्या माणसासारखे कपडे करून यायचं अशी रीत आहे. रझिया म्हणाली, "ह्यांच्या आया काय म्हणत असतील?" मी म्हणाले, आपल्याकडं सोंगं निघायची तेव्हा आपण काय म्हणायचो? ती म्हणाली, हौ, ते बी खरं.

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस समोर आला. अंगावर पोती. पोती उसवून, पट्ट्या करून, एकावर एक शिवून त्यानं डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत झूल केली होती. आम्ही एकदम ओळखलं. तोमे पुरात जाते तेव्हा असंच गवताचं इरलं पांघरते. हा बसवराज. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याचं तुरीचं दुकान आहे, दोन लेकरांचा बाप आहे, आणि दुकानाच्या गल्ल्याखाली मांगा ठेवून वाचतो.

"अगे नीलम्मा," रझिया मला म्हणाली, "तोमेला मिशा कधी आल्या?"

"खाला, मिशी काढली तर बायको घरात घेत न्हाई," बसवराज म्हणाला आणि वाकून आम्हा दोघींच्या पाया पडला. पोत्यांतून तुरीची टरफलं आमच्या पायांवर सांडली.

त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी जे वाटतं ते सांगितलं. एका पुस्तकात चेंडूचा खेळ आहे. एक चेंडू जाळीवरून पलीकडं पडायला अर्धं पुस्तक जातं. मी म्हणाले, तेवढ्या वेळात माझी एक पाटी तूर निवडून होते. सगळे हसले, पण निळ्या केसांची मुलगी हसली नाही. ती उठून म्हणाली, "आज्जी, चेंडूला येळ लागत न्हाई. त्या पोराच्या मनात जे चाललंय त्याला लागतंय. तुम्हाला कधी असं झालं न्हाई का, क्षणभराचंच काम पण लई येळ चाललंय असं?"

दुसऱ्या दिवशी पोत्याखाली तिचं म्हणणं मला पटलं.

नंतर त्यांनी वाटीत पाण्यातल्या शेवया दिल्या आणि दोन काड्या. पुस्तकात ह्या शेवया इतक्या चांगल्या दिसतात की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. खाऊन बघितल्या. खारट. शेवया कशा कराव्यात हे पुस्तकवाल्यांनी ह्या पोरांना नीट सांगितलेलं नाही. काड्यांनी मला एकही उचलता आली नाही. रझियानं दोन घास उचलले आणि तेवढ्यावरून दिवसभर माझ्याकडं ताठ मानेनं बघितलं.

निघताना शिल्पानं सातवा भाग माझ्या हातात दिला. आत पेन्सिलीचं लिहून तयार होतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती.

"मरती का काय गं?"

"वाचून बघ की."

रझिया तिथंच पुस्तक उघडणार होती, पण तिला दम लागला होता. उद्या सकाळी ही पोरं फोटो काढायला गावाबाहेरच्या घुमटाकडं जाणार होती. तिथं सावली असते, शांत असतं, तिथं बसून वाचू, असं ठरलं.

घुमट

गावाबाहेर काळ्या रानात एक मोडका घुमट आहे. कुणाची कबर आहे ते तिथल्या कुणाला माहीत नाही. तुरी निघून गेल्या होत्या, रानात नुसती खुटं. सकाळचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं आणि चिंचेखाली एक म्हैस निवांत बसली होती. पोरं फोटो काढायला मागच्या बाजूला गेली. बसवराज पोत्यांत घामाघूम होऊन कमानीबाहेर उभा होता. आम्ही दोघी पायरीवर कमानीच्या सावलीत बसलो. पुस्तक मांडीवर घेतलं.

"थांब," रझिया म्हणाली. "आधी सलाम तर कर. कुणाच्या घरात बसलोय आपण."

आमच्याकडं कुणाचीही कबर असो, हिंदू असो की मुसलमान, माणूस रिकाम्या हातानं समोर बसत नाही. नाव माहीत असायची गरज नसते. मल्लम्माचा पुडा माझ्या पिशवीत होता. मी सगळ्या उदबत्त्या एकदम काढल्या, कारण घरी परत नेऊन काय करायच्या. रझियानं काडी ओढली. तिनं फातेहा म्हटला, मी हात जोडले. धूर सरळ वर गेला. आम्ही दोघींनी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर कमानीच्या पोटाला लटकलेलं, पोत्याएवढं आग्या मोहोळ दिसलं असतं.

पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे. फक्त पोत्यांचं राहिलं. बसवराज पळून जाऊ शकत होता, रान मोकळं होतं. त्यानं अंगावरची झूल ओढून काढली, आमच्यावर टाकली आणि कडा दाबून धरत वर ओणवा झाला. खाली त्याचा नुसता बनियन होता. तो सारखं म्हणत होता, "अंजब्याड्री, अव्वा, अंजब्याड्री." भिऊ नका, भिऊ नका. त्याचा आवाज बदलत गेला तो ओठ सुजल्यामुळं, हे मला नंतर कळलं.

शिल्पानं तोंडाला ओढणी गुंडाळून पोरांची गाडी पायरीपर्यंत आणायला लावली. आम्हाला पोत्यांसकट उचलून आत टाकलं. गाडी हलली तेव्हा मी रझियाच्या छातीवर हात ठेवला. खाली काहीतरी होतं, पण ते धडधडतंय की गाडीच हलतेय ते मला सांगता येईना.

दवाखाना

दवाखान्यात नर्सनं चिमट्यानं काटे काढले. माझे कमी होते. बसवराजच्या पाठीला हात लावायला जागा नव्हती. त्याला बाजूच्या वॉर्डात ठेवलं आणि त्याची बायको येऊन त्याला कानडीत असं काही बोलली की सगळा वॉर्ड गप्प झाला. बोलून झाल्यावर ती त्याच्या डोक्याशी बसून रडली.

रझियाला काचेच्या खोलीत नेलं. डोळे मिटून गेले होते, तोंड ओळखू येत नव्हतं. डॉक्टर तरुण होता, नीट बोलला. माश्यांच्या विषाचा काळजावर ताण आलाय, उद्या संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही. तिच्याजवळ एकीनं बसा, पण मनाला धक्का लागेल असं काही बोलू नका. तिचा लेक लांब कामावर होता, तिथून निघाला होता, पोचायला उद्याची संध्याकाळ होणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रझियाचे ओठ हलले. मी कान लावला.

"किताब?"

पुस्तक तिच्याच अंगाखाली सापडलं होतं. कोपरा दुमडला होता, मलपृष्ठावर एक माशी चिरडली होती. मी ते पिशवीतून काढलं तशी शिल्पानं माझा हात धरून मला बाहेर नेलं.

"आज्जी, आत्ता वाचू नको. तोमे मरती शेवटी. डॉक्टर काय म्हणले तू ऐकलीस न्हव?"

"ऐकले."

"मग सांग की, वाचली म्हणून. त्यांना थोडंच दिसायलंय? बऱ्या झाल्या की खरं सांगू."

पोरीचं चुकत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. रझिया बरी झाली नाही तर? मग ती खोटी गोष्ट घेऊन जाणार. ती ज्याच्यासाठी एवढं अंतर आली, ज्याच्यासाठी तिनं स्वतःच्या लेकाचं ऐकलं नाही, ते तिला मी खोटं देणार. आणि खरं सांगितल्यानं तिचं काळीज थांबलं तर? तेव्हा मी तिच्या लेकाला काय सांगणार, की पुस्तकातल्या बाईसाठी तुझ्या आईला मारलं? दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजू वाईट होत्या. मला एवढंच माहीत होतं की रझियानं मला विचारलंय आणि ती माझ्याकडून सरकारी उत्तर घेणाऱ्यातली नाही.

मी आत गेले आणि पुस्तक उजवीकडून उघडलं.

पण आता बोट नव्हतं. तिचं बोट पट्टीत गुंडाळलेलं, चादरीवर पडलेलं. मी आपली वाचायला लागले. तोमे खांबापाशी पोचते. दोर बांधते. मजूर उतरतात. मग ती दोर फेकते.

"असं कसं?" डोळे मिटलेली रझिया म्हणाली. शब्द सुजलेले होते. "आधी बांधला आन मग फेकला? उजवीकडून बघ, उजवीकडून."

मी पुन्हा बघितलं. तिचंच बरोबर होतं. मग मी प्रत्येक पानावर आधी उजव्या कोपऱ्याला माझंच बोट ठेवलं आणि तिथून चालवत नेलं. पोरासारखं. मजूर नावेत बसले. पहिली फेरी काठाला लागली. दुसरी लागली. शेवटचे मजूर उतरले, तोच लोंढ्यानं नाव काठापासून ओढून नेली आणि तिच्यात पाणी भरायला लागलं.

मी पान उलटलं. पुढच्या दोन्ही पानांवर एकही शब्द नव्हता. शिल्पाला पेन्सिलीनं लिहायला काही नव्हतं. असली न बोलणारी पानं मला एरवी सगळ्यात जास्त आवडतात. त्या दिवशी मी त्या चित्रकाराला मनात शिव्या दिल्या. वाचायला शब्द असते तर ते त्याचे असते. आता जे बोलायचं ते मीच बोलणार होते, आणि मी काहीही बोलले असते तरी तिला कळलं नसतं.

"थांबलीस कामून?"

"लिहिलेलं न्हाई इथं. नुसतं चित्र हाय."

"मग चित्र सांग."

शिल्पा दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"नदी हाय," मी म्हणाले. "लई मोठी. नाव हाय. उलटी."

"आन?"

"वल्हं हाय, पाण्यावर. तिच्या डोक्याचं फडकं हाय."

"ती?"

"ती न्हाई."

मशिनीचा आवाज येत होता. मी त्या आवाजाकडं कान लावून बसले. रझियानं पट्टीतलं बोट चादरीवर जरासं हलवलं. मग म्हणाली, "पुढचं पान उलट."

"पुढं बी नदीच हाय."

"त्याच्या पुढं?"

"पूल झालाय. लोकं चालत जायलेत. एक मजूर मधेच थांबून खाली पाण्यात बघायलाय. भाताचा गोळा सोडलाय त्यानं पाण्यात."

"कुठला मजूर? तो दात पडलेला?"

"व्हय, तोच."

"हरामखोर," रझिया म्हणाली. "जिवंत होती तेव्हा नावेची उतराई द्यायचा न्हाई." तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सुजलेल्या गालावर अडलं. मी पदरानं टिपलं. ती ओरडली, कारण तिथं काटा राहिला होता.

नर्स धावत आली. मशीन बघितलं, नाडी बघितली, मला दोन शब्द सुनावले. ती गेल्यावर रझिया म्हणाली, "सगळे मजूर उतरले का गं? कुणी राहिलं न्हाई ना?"

"सगळे उतरले."

"खरं सांगायलीस?"

"खरं."

"मग लिहिणाऱ्याला नावं ठेवू नको. चांगलं लिहिलंय." इतक्या पुस्तकांवर मत मी द्यायची, तिनं दिलेलं हे पहिलं. थोड्या वेळानं तिनं चहा मागितला. चहा द्यायचा नाही असं नर्सनं सांगितलं. म्हणून मग तिनं पाणी मागितलं आणि ते कोमट आहे म्हणून कुरकुर केली.

संध्याकाळी तिचा लेक आला. डॉक्टरनं त्याला बाहेर नेऊन काय सांगितलं ते त्याच्या खांद्यांवरून मला काचेतूनच कळलं. ताणलेले खांदे सैल झाले होते. बसवराजला त्याची बायको त्याच आठवड्यात घरी घेऊन गेली. मी फोन लावून मल्लम्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माश्यांचं नंतर सांग, आधी त्या बाईचं काय झालं ते सांग. मी सांगितलं.

तोमे मेली. रझिया जगली, बसवराज जगला आणि मी जगले.